शून्यावरचा अंगठा

गुलटेकडी, पहाटेचे साडेचार.
कांद्याच्या गाळ्यात, काट्याच्या शेजारी
सुतळीनं टेबलाला बांधलेला कीबोर्ड
आणि त्याच्यापुढे रंगनाथ काळभोर, दिवाणजी.
माउसवर त्यांनी चुन्याची डबी ठेवलीये.
माउस त्यांना लागत नाही.

तक्रार एका ओळीची होती:
पन्नास पोती लिहिली की पाच हजार होतात.
बाणेरला, काचेच्या ऑफिसात, आम्ही हसलो.
आदिल तांबोळी म्हणाला, शेतकरी खूश असेल, राहू दे की.
मी तरी शंभर वेळा पन्नास लिहून पाहिले.
शंभर वेळा पन्नासच आले.
‘आमच्याकडे असं होत नाही’ असा शेरा मारून
तक्रार बंद केली. त्यांनी उघडली.
पुन्हा बंद केली. मग फोन आला:
‘ताई, तुमच्याकडे होत नाही ना?
मग आमच्याकडे या.’

आले. उलट्या क्रेटवर बसले
आणि पडदा सोडून हात बघत राहिले.
पाचावर मधलं बोट, टक्, स्वच्छ.
शून्यावर अंगठा. उजवा. नखाच्या जागेआधीच संपलेला.
तो शून्यावर उतरायचा आणि तिथंच राहायचा,
हमालाला हाक मारून होईपर्यंत,
फाटक्या पोत्यावरून भांडण मिटेपर्यंत.
पडद्यावर शून्यामागं शून्य,
मुंग्यांसारखी.

‘त्याला कळतच नाही हो,’ ते म्हणाले,
‘टेकलाय का उचललाय.’

भोसरी, सत्त्याऐंशी साल. पॉवर प्रेस.
दोन हिरवी बटणं. दोन्ही हातांनी एकदम दाबली
तरच डाय खाली यायचा,
म्हणजे हात बाहेर आहेत ही मशीनची खात्री.
एका हातानं काम दुप्पट होतं
हे सुपरवायझरला सुचलं,
आणि त्यानं एका बटणात लाकडाची पाचर ठोकली.
‘मशीन समजायचं, माझा हात बटणावर आहे.
तो तर आत होता.’
एवढं सांगून त्यांनी पुढची पावती ओढली.
बटाटा, तळेगाव, बावीस डाग.

मांडीवर लॅपटॉप उघडला.
मी लिहिलेलं फंक्शन, तीन वर्षांपूर्वीचं,
एकच बातमी ऐकणारं: कळ दाबली.
खालून सिस्टिम दर वेळी निमूट कळवत होती
की हे दाबणं नवं नाही, मघाचंच चालू आहे.
निरोपाच्या कोपऱ्यात तशी खूण असते.
मी ती कधी वाचली नव्हती.
दाबलं, आणि दाबून आहे:
गाळ्यावरच्या पोरालाही यातला फरक कळतो.

उचललं, ही तर वेगळीच बातमी.
तिच्यासाठी मी एक ओळही लिहिली नव्हती.
आणि ती नेहमी पोचतेच असंही नाही.
मध्येच दुसरी खिडकी पुढं आली,
की उचलल्याचा निरोप तिच्याकडे जातो
आणि आपल्या हिशेबात ती कळ
दाबलेलीच राहते, कोणाचंही बोट नसताना.
पाचर. हा शब्द मी कॉमेंटमध्ये लिहिला,
मग खोडला, मग राहू दिला.

सहा ओळी बदलल्या.
खिडकी मागं गेली की सगळ्या कळा सोडल्या असं धरायचं.
आकड्यांच्या चौकटीत पहिलं दाबणं तेवढं खरं.
मग मीच अंगठा शून्यावर ठेवला
आणि कोणीतरी आणून दिलेला चहा
दुसऱ्या हातानं संपवला.
एकच शून्य. निवांत.

काळभोरांनी पन्नास लिहिले. पन्नास आले.
त्यांनी आनंद वगैरे दाखवला नाही,
चुकून लिहिलेलं एक लांबलचक नाव खोडायला घेतलं
आणि थांबले.
‘हे काय? खोडायचं बटण पण एकेकच खातंय?’

घाईत मी सगळ्याच कळांना तो नियम लावला होता.

‘ताई, आकडा एकदाच घ्या.
पण खोडायचं बटण धरलं की पळू दे त्याला.
चुका काय आम्ही एकेक करतो होय?’

बाहेर टेम्पो मागं घेत होता कोणीतरी,
येऊ दे, येऊ दे, येऊ दे,
बास.